साक्ष, मौन आणि दृष्टी : आर्तेमिसिया जेन्तिलेस्की यांच्या ‘सुसान्ना आणि वडीलजन’ (१६१०) या चित्रातील प्रतीके व सत्तासंबंध

प्रस्तावना

युरोपीय चित्रकलेच्या इतिहासात काही विषय शतकानुशतके पुन्हा पुन्हा रंगविले गेले. सुसान्नाची कथा हा त्यांपैकी एक विषय होय. स्नान करणारी निष्पाप स्त्री, तिच्यावर टपलेले दोन वृद्ध न्यायाधीश आणि अखेरीस सत्याचा विजय, असा या कथेचा आशय आहे. हा आशय धार्मिक असला तरी त्या निमित्ताने स्त्रीची नग्नाकृती रंगविण्याची मुभा चित्रकाराला व ती पाहण्याची मुभा आश्रयदात्याला मिळत असे. त्यामुळे सोळाव्या व सतराव्या शतकांतील सुसान्नाची बहुसंख्य चित्रे नीतिकथा सांगत असल्याचा आव आणून प्रत्यक्षात प्रेक्षकाला त्या दोन वृद्धांच्याच शेजारी उभे करतात.

या परंपरेत १६१० हे वर्ष नोंदविलेले एक तैलचित्र वेगळे उठून दिसते. सुमारे १७० सें.मी. उंच व ११९ सें.मी. रुंद असलेले हे चित्र जर्मनीतील पॉमर्सफेल्डेन येथील श्योनबोर्न संग्रहात आहे. ते रंगविणाऱ्या आर्तेमिसिया जेन्तिलेस्की यांचा जन्म ८ जुलै १५९३ रोजी रोम येथे झाला. म्हणजे चित्र पूर्ण झाले तेव्हा त्यांचे वय जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. या चित्राची चर्चा आजवर मुख्यत्वे दोन दिशांनी झाली आहे. पुरुषी दृष्टीला दिलेले उत्तर म्हणून त्याकडे पाहणे ही एक दिशा आणि चित्रकर्तीच्या आयुष्यातील अत्याचाराचा पडसाद म्हणून त्याचे वाचन करणे ही दुसरी. या दोन्ही वाचनांचे महत्त्व मान्य करूनही असे म्हणता येते की, या चित्रातील सत्तेचा प्रश्न केवळ पाहण्याचा नाही. तो बोलण्याचा, गप्प बसविण्याचा आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा याचाही आहे. प्रस्तुत लेखात चित्राची रचना, देहभाषा व प्रतीके यांच्या आधारे हे प्रतिपादन तपासले आहे.

कथेतील सत्तेचे स्वरूप

सुसान्नाची कथा दानिएलाच्या ग्रंथाच्या ग्रीक पाठात आढळते. कॅथलिक परंपरेत तो या ग्रंथाचा तेरावा अध्याय मानला जातो. प्रॉटेस्टंट परंपरेने मात्र हा भाग प्रमाण ग्रंथांत समाविष्ट केला नाही. त्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाच्या, प्रॉटेस्टंट परंपरेतील बायबलमध्ये दानिएलाचा ग्रंथ बाराव्या अध्यायापाशी संपतो. या कारणास्तव येथे कथेचा थोडक्यात परिचय आवश्यक ठरतो.

बाबिलोनमध्ये राहणाऱ्या योआकीम या धनिक गृहस्थाची सुसान्ना ही पत्नी होय. त्याच्याच घरी लोकांचे तंटे सोडविण्यासाठी न्यायसभा भरे आणि त्या वर्षी नेमलेले दोन वडीलजन तेथे न्यायदान करीत. दोघांच्याही मनात सुसान्नेविषयी अभिलाषा निर्माण होते. प्रारंभी ते ती एकमेकांपासून लपवितात. परंतु एके दिवशी एकमेकांच्या हेतूचा उलगडा झाल्यावर संगनमत करतात. सुसान्ना बागेत स्नानासाठी येते, दासी दारे लावून निघून जातात आणि लपून बसलेले दोघे पुढे येतात. ‘आमच्या इच्छेला मान्यता दे, अन्यथा तुझ्यासोबत एक तरुण होता अशी साक्ष आम्ही देऊ’ अशी त्यांची धमकी असते. सुसान्ना नकार देते आणि ओरडते. तिच्या ओरडण्यावर त्या दोघांचाही आवाज चढतो. दुसऱ्या दिवशी सभेसमोर ते खोटी साक्ष देतात. ते वडीलजन आणि न्यायाधीश आहेत, एवढ्याच कारणाने सभा त्यांच्यावर विश्वास ठेवते व सुसान्नेला मृत्युदंड सुनावला जातो. तेव्हा दानिएल हा कोवळा युवक पुढे होतो. तो दोघांना वेगवेगळे करून, कोणत्या झाडाखाली हा प्रकार पाहिला असे विचारतो. दोघे दोन वेगळ्या झाडांची नावे सांगतात आणि त्यांचे असत्य उघडे पडते. खोट्या साक्षीबद्दल त्यांनाच मृत्युदंड मिळतो.

या कथेत बलप्रयोगाचे साधन शस्त्र नसून साक्ष आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांच्या हाती न्याय आहे तेच आरोपी होऊ शकतात, आणि तरीही साक्षीदार म्हणून त्यांचेच शब्द ग्राह्य ठरतात. सुसान्नेला सभेत तिची बाजू कोणी विचारत नाही. शिक्षा झाल्यावर ती बोलते ती ईश्वराशी. तिची सुटका होते तीही तिच्या शब्दामुळे नव्हे, तर एका पुरुषाने दोन पुरुषांच्या शब्दांतील विसंगती दाखविल्यामुळे. स्त्रीची निर्दोषता सिद्ध होते, परंतु स्त्रीची साक्ष मात्र प्रमाण ठरत नाही. कथेतील हा अंतर्विरोध चित्राच्या वाचनात निर्णायक ठरतो.

पूर्वपरंपरा : रूपकापासून नग्नाकृतीपर्यंत

प्रारंभीच्या ख्रिस्ती कलेत सुसान्नेच्या देहाला फारसे महत्त्व नव्हते. रोममधील प्रेतेक्स्तातस या भूमिगत दफनस्थळातील चौथ्या शतकातील एका भित्तिचित्रात सुसान्ना मेंढीच्या रूपात असून तिच्या दोन्ही बाजूंना हिंस्र श्वापदे दाखविली आहेत. त्यांवर सुसान्ना व वडीलजन असे निर्देश लिहिलेले आहेत. धर्मपंडितांनीही सुसान्नेला छळ सोसणाऱ्या चर्चचे प्रतीक मानले. येथे अर्थ सत्तेचा आहे, सौंदर्याचा नाही. बलवानांच्या मध्ये सापडलेला निर्बल जीव, एवढेच तेथे पुरेसे होते.

प्रबोधनकाळात या विषयाचा भर स्नानाच्या प्रसंगावर आला. व्हिएन्ना येथील संग्रहालयात असलेले तिंतोरेत्तो यांचे सुमारे १५५५-५६ मधील चित्र याचे उत्तम उदाहरण होय. त्यात सुसान्ना पाण्याच्या काठी बसून आरशात स्वतःला न्याहाळते. तिच्याभोवती मोती, फणी अशा प्रसाधनाच्या वस्तू विखुरल्या आहेत आणि वृद्ध पानांच्या भिंतीआडून डोकावतात. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, आरशाच्या योजनेमुळे स्त्री स्वतःच स्वतःची प्रेक्षक बनते. तीच स्वतःला पाहत असेल तर इतरांच्या पाहण्याचा दोष आपोआप सौम्य होतो. आरसा हे प्रतीक अशा रीतीने अपराधाची जबाबदारी एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सरकविण्याचे काम करते. हिरवीगार बाग, कारंजे, वाहते पाणी ही प्रतीकेही याच दिशेने कार्य करतात. ती प्रसंगाला प्रणयाचे वातावरण देतात आणि धमकीचे रूपांतर जणू आराधनेत करतात.

चित्ररचना : उद्यानाचे दगडात रूपांतर

आर्तेमिसिया यांच्या चित्रात बाग नाही. सुसान्नेच्या पाठीशी दगडी बैठकीची आडवी भिंत आहे आणि तिच्यावर निळ्या आकाशाची अरुंद पट्टी. पायाशी थोडेसे पाणी दिसते. परंतु कारंजे, तलाव, वृक्ष यांचा मागमूस नाही. दगडावर कोरलेली पाने तेवढी आहेत. कथेतील उद्यान येथे कोरीवकामापुरते शिल्लक राहिले आहे. परंपरेत स्त्रीदेह व निसर्ग यांचा संबंध गृहीत धरला जाई. येथे तो संबंधच तोडण्यात आला आहे. कोमल देहाला आधार देणारी किंवा त्याला लपविणारी एकही वस्तू भोवती नाही. कठीण, थंड दगड आणि उघडी त्वचा यांचा विरोध हीच या चित्रातील पहिली सत्तासूचक योजना होय.

दुसरी योजना उभ्या अक्षावर आहे. दोन्ही पुरुष भिंतीवरून खाली वाकलेले आहेत व चित्राचा वरचा भाग त्यांनी व्यापला आहे. त्यांचे देह एकमेकांत असे मिसळले आहेत की, त्यांचा मिळून एकच गडद आकार तयार होतो. हा आकार सुसान्नेच्या मस्तकावर एखाद्या ओझ्यासारखा टेकलेला भासतो. पूर्वीच्या चित्रांत वृद्ध बहुधा दूर, झाडीत किंवा कोपऱ्यात असत. त्यामुळे सुसान्ना आणि ते यांच्यामध्ये हालचालीला अवकाश उरे. येथे तो अवकाशच नाही. खोली जवळजवळ नाहीशी करून सर्व घटना एकाच उथळ पट्ट्यात कोंबली आहे. मागे भिंत, वर पुरुष, खाली पाणी. सुटण्याची एकच दिशा मोकळी राहते आणि ती प्रेक्षकाची आहे. चित्रातील चौथी बाजू प्रेक्षकाने अडविलेली असल्यामुळे, तो साक्षीदार आहे की तिसरा वडील, हा प्रश्न चित्र त्याच्यावरच सोपविते.

प्रकाशयोजनेचाही येथे विचार करावा लागतो. कॅराव्हाजो यांच्या प्रभावाखालील रोममध्ये, त्यांच्या अनुयायांपैकी एक असलेल्या वडिलांच्या, म्हणजे ओराझिओ जेन्तिलेस्की यांच्या कार्यशाळेत हे चित्र घडले. तरीही त्यात गडद अंधाराचे नाट्य नाही. प्रसंग दिवसाच्या स्वच्छ उजेडात घडतो. अन्यायाला येथे अंधाराची गरज भासत नाही. प्रतिष्ठितांना दिवसाढवळ्या उभे राहता येते, असे या उजेडाचे सूचन आहे.

देहभाषा : कुजबुज, इशारा आणि नकार

चित्राचे मर्म तिन्ही आकृतींच्या हातांत व मुखांत आहे. काळ्या केसांचा पुरुष दुसऱ्याच्या कानाशी लागला आहे. पिकल्या दाढीचा, लाल झगा पांघरलेला दुसरा पुरुष ओठांवर बोट ठेवून गप्प राहण्याचा इशारा करतो. सुसान्नेने दोन्ही हात उंचावून जणू काही लोटून देण्याचा आविर्भाव केला आहे आणि मान विरुद्ध दिशेला वळविली आहे.

या तिन्ही आविर्भावांचा संबंध पाहण्यापेक्षा बोलण्याशी अधिक आहे. कुजबुज म्हणजे कट करणारी भाषा. ती सत्ताधाऱ्यांच्या आपसांत राहते, पीडितेपर्यंत पोहोचत नाही. ओठांवरील बोट म्हणजे लादलेले मौन. हा इशारा सुसान्नेला उद्देशून आहे असे मानले तर त्यात धमकी आहे. प्रेक्षकाला उद्देशून आहे असे मानले तर त्यात त्यालाही कटात सामील करून घेण्याचे आवाहन आहे. एकाच बोटाने दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. सुसान्नेच्या वाट्याला शब्द उरत नाही. म्हणून तिचा नकार संपूर्ण देहातून व्यक्त होतो. कमरेत पिळलेला देह, मानेला पडलेली वळी, आक्रसलेल्या भुवया यांत लज्जेपेक्षा तिटकारा आणि वेदना अधिक आहे. तत्कालीन चित्रांत सुसान्ना बहुधा वस्त्राने अंग झाकण्याचा प्रयत्न करते किंवा आकाशाकडे पाहते. झाकणे ही लज्जेची खूण आणि वर पाहणे ही श्रद्धेची. या चित्रात पांढरे वस्त्र मांडीवर तसेच पडून आहे. हात ते सावरण्यात गुंतलेले नाहीत, ते नकारात गुंतलेले आहेत.

मेरी गॅरार्ड यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात या हस्तमुद्रेचा संबंध ओरेस्तिसच्या कथेच्या प्राचीन रोमन शिल्पपटातील दाईच्या आकृतीशी जोडला आहे. सिस्टिन छतावरील मायकेलअँजेलो यांच्या, स्वर्गोद्यानातून हाकलल्या जाणाऱ्या आदामाच्या आविर्भावाशीही तिचे साम्य दिसते. हे साम्य मान्य केल्यास एक महत्त्वाचा अर्थ हाती येतो. सुसान्नेसाठी रूढ असलेली प्रेमदेवतेची लाजरी मुद्रा बाजूला सारून शोकांतिकेची मुद्रा येथे स्वीकारण्यात आली आहे. परंपरेतूनच उसनवारी केली आहे, परंतु ती वेगळ्या कप्प्यातून. परंपरेला उत्तर देण्याचा हा मार्ग अभिजात कलेच्या चौकटीतच राहतो आणि म्हणूनच तो अधिक परिणामकारक ठरतो.

पुरुषाकृतींविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. कथेनुसार दोघेही वयोवृद्ध असताना येथे एकाचे केस काळे असून तो स्पष्टपणे तरुण आहे. त्यामुळे अभिलाषा हा केवळ वार्धक्याचा हास्यास्पद दोष राहत नाही. परंपरेने ‘म्हातारचळ’ म्हणून सौम्य केलेला अपराध येथे वयाच्या सबबीतून बाहेर काढला आहे. तो आता अधिकाराचा अपराध ठरतो.

स्वाक्षरी आणि १६१२ चा खटला

सुसान्नेच्या पायाजवळच्या दगडावर चित्रकर्तीचे नाव व १६१० हे वर्ष कोरल्यासारखे रंगविले आहे. या स्वाक्षरीविषयी दीर्घकाळ वाद झाला. एवढ्या लहान वयातील मुलीला असे चित्र जमेल काय, वडिलांचा हात त्यात किती, असे प्रश्न विचारले गेले. ओराझिओ यांनी शिक्षणाच्या काळात मार्गदर्शन केले असणार हे उघड आहे. मात्र जुलै १६१२ मध्ये त्यांनी तोस्कानाच्या राजमातेला लिहिलेल्या पत्रात, कन्येने अवघ्या तीन वर्षांत मिळविलेल्या असामान्य प्रावीण्याचा गौरव केला आहे. चित्राचा काळ या निवेदनाशी जुळतो. तरीही या वादाचे स्वरूप अर्थपूर्ण आहे. स्त्रीचे नाव दगडावर स्पष्ट लिहिलेले असतानाही ते पुरेसा पुरावा मानले गेले नाही. सुसान्नेच्या शब्दाची जी अवस्था सभेत झाली, तीच चित्रकर्तीच्या स्वाक्षरीची कलेतिहासात झाली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१६११ च्या मे महिन्यात ओराझिओ यांचा सहकारी चित्रकार अगोस्तिनो तास्सी याने आर्तेमिसिया यांच्यावर बलात्कार केला. पुढील वर्षी ओराझिओ यांनी पोपकडे अर्ज केला आणि खटला उभा राहिला. तत्कालीन कायद्यात हा अपराध प्रामुख्याने पित्याच्या व कुळाच्या प्रतिष्ठेची हानी म्हणून पाहिला जाई. सुनावणीत आर्तेमिसिया यांची सुइणींकडून तपासणी झाली, त्यांच्या चारित्र्याविरुद्ध साक्षीदार उभे केले गेले आणि त्यांची साक्ष खरी आहे हे पडताळण्यासाठी बोटांभोवती दोऱ्या आवळून यातना देण्यात आल्या. यातना आरोपीला नव्हे, फिर्यादी पक्षातील पीडितेला देण्यात आल्या. त्या अवस्थेतही त्या आपल्या जबानीवर ठाम राहिल्या. नोव्हेंबर १६१२ मध्ये तास्सी दोषी ठरला. परंतु रोममधून हद्दपारीची शिक्षा प्रत्यक्षात फारशी अमलात आली नाही. खटल्याची कागदपत्रे रोमच्या राज्य अभिलेखागारात जतन केलेली आहेत.

चरित्रात्मक वाचनाचे मोल व मर्यादा

या घटनाक्रमामुळे चित्राचे चरित्रात्मक वाचन मोहक वाटते. दोन पुरुषांत तास्सी व त्याचा साथीदार यांची रूपे शोधण्याचेही प्रयत्न झाले आहेत. तथापि चित्रावर १६१० हे वर्ष आहे आणि अत्याचार १६११ मध्ये झाला. कार्याआधी कारण असावे लागते हा साधा तर्क येथे विसरता येत नाही. त्याआधीही घरात येणाऱ्या पुरुषांच्या लगटीचा त्रास तिला झाला असावा, हे गॅरार्ड यांचे अनुमान शक्यतेच्या पातळीवर मान्य होण्यासारखे आहे. परंतु ते अनुमानच आहे.

तर्कापेक्षाही गंभीर आक्षेप वेगळा आहे. चित्राला केवळ दुःखाची नोंद मानले की चित्रकर्ती पुन्हा एकदा पीडितेच्या आसनावर बसविली जाते. ग्रिसेल्डा पोलॉक यांनी १९९९ मध्ये याच धोक्याकडे लक्ष वेधले आहे. पुरुष चित्रकाराने हिंसा रंगविली तर ती त्याची प्रतिभा, आणि स्त्रीने रंगविली तर ते तिचे आत्मचरित्र, ही विभागणी स्वतःच सत्तासंबंधाचे एक रूप होय. रचना, उसन्या मुद्रांची निवड, अवकाशाचे आकुंचन हे सर्व बौद्धिक निर्णय आहेत. ते अनुभवातून आपोआप पाझरत नाहीत. पूर्वसूरींची चित्रे पाहून, त्यांतील उणीव ओळखून हे निर्णय घेतलेले आहेत. स्त्रीची साक्ष ग्राह्य धरणे म्हणजे तिच्या निर्मितीला केवळ जबानी मानणे नव्हे. तिचे कर्तृत्व मान्य करणे होय.

याच्या विरुद्ध बाजूनेही एक प्रश्न उपस्थित होतो. कितीही नकार दिला तरी सुसान्नेचा देह येथे विवस्त्रच आहे आणि प्रेक्षकासमोर पूर्ण उजेडात आहे. चित्रकर्तीलाही बाजारपेठेतच उभे राहायचे होते आणि नग्नाकृतीला त्या बाजारात मागणी होती. त्यामुळे हे चित्र पुरुषी दृष्टीपासून सर्वस्वी मुक्त आहे असा दावा टिकणार नाही. ते त्या दृष्टीला नाकारत नाही, तर अवघड करून ठेवते. पाहणाऱ्याला सुख मिळण्यापूर्वी सुसान्नेची वेदना ओलांडावी लागते, आणि ती ओलांडताना तो कोणाच्या पंक्तीत बसतो हे त्याला कळून चुकते.

आर्तेमिसिया या विषयाकडे आयुष्यभर परतत राहिल्या. इंग्लंडमधील बर्ली हाउस येथील १६२२ चे, ब्रनो येथील १६४९ चे आणि बोलोन्या येथील १६५२ चे चित्र ही त्याची उदाहरणे होत. ब्रिटिश राजसंग्रहातील आणखी एक सुसान्ना त्यांचीच असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. या नंतरच्या चित्रांत पहिल्या चित्रातील तीव्रता नेहमीच आढळत नाही. आश्रयदात्यांच्या अभिरुचीशी केलेली तडजोड काही ठिकाणी जाणवते. जखमेचीच अभिव्यक्ती म्हणून सर्व चित्रे वाचणाऱ्यांना हा फरक समजावून सांगता येत नाही. व्यवसाय सांभाळणाऱ्या कुशल चित्रकर्तीचा विचार केला तरच तो उलगडतो. १६४९ मध्ये मेस्सिनाच्या डॉन अंतोनिओ रुफ्फो या आश्रयदात्याला लिहिलेल्या पत्रांत, काम प्रत्यक्ष पाहिले जाईपर्यंत स्त्रीच्या नावाविषयी शंका घेतली जाते, अशा आशयाची खंत त्यांनी व्यक्त केली आहे. चाळीस वर्षे कुंचला चालविल्यानंतरही साक्षीचा प्रश्न मिटला नव्हता.

समारोप

पॉमर्सफेल्डेन येथील सुसान्ना ही सौंदर्याची, श्रद्धेची किंवा केवळ दुःखाची प्रतिमा नाही. बाग वगळून दगड आणणे, आरसा वगळून हात उंचावणे, अंतर वगळून भार टाकणे या निवडींतून चित्रकर्तीने रूढ प्रतीकांचा अर्थ बदलला. कुजबुज, ओठांवरचे बोट आणि पिळलेला देह यांतून तिने सत्तेची एक अचूक व्याख्या मांडली : ज्यांना आपसांत बोलता येते व दुसऱ्यांना गप्प करता येते, ते सत्ताधारी.

कथेच्या अखेरीस येणारा दानिएल या चित्रात कोठेही नाही. त्याची चाहूलही नाही. तो येईल आणि सत्य बाहेर येईल, हा दिलासा चित्राने राखून ठेवलेला नाही. कथेत दोन साक्षी वेगळ्या करून तपासणारा जो न्यायबुद्धीचा युवक आहे, त्याची जागा चित्राबाहेर, त्या एकमेव मोकळ्या बाजूला रिकामी आहे. चित्राचा अभ्यासक तेथे उभा राहतो तेव्हा त्याला दोन्ही मोह टाळावे लागतात : देहाकडे पाहून शब्द विसरण्याचा आणि चरित्राकडे पाहून चित्र विसरण्याचा. दगडावर लिहिलेले नाव व वर्ष प्रथम वाचणे आणि त्यावर विश्वास ठेवणे, येथून त्या न्याय्य वाचनाचा प्रारंभ होतो.